पाथरीचे ज्ञानराज: भास्कराचार्यांशी साडेतीनशे वर्षांनी वाद घालणारे खगोलशास्त्रज्ञ

हिंगोली जिल्हा आणि आकाश हे दोन शब्द एकत्र आले की आता 'लायगो इंडिया' आठवतं. औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळा परिसरात प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची ही वेधशाळा गुरुत्वीय लहरी टिपणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं २०२३ च्या एप्रिलमध्ये तिच्या उभारणीला मंजुरी दिली. पण या भागात ग्रहताऱ्यांचं गणित मांडणारी माणसं पाचशे वर्षांपूर्वीही होती.

१ मे १९९९ पर्यंत हिंगोली हा परभणी जिल्ह्याचाच भाग होता. त्याच जुन्या परभणी जिल्ह्यात पाथरी आहे. साईबाबांच्या जन्मस्थानाच्या वादामुळे हे नाव अनेकांनी बातम्यांत ऐकलं असेल. संस्कृत ग्रंथांतलं 'पार्थपुर' म्हणजे हीच पाथरी. इथल्या ज्ञानराज यांनी शके १४२५ मध्ये, म्हणजे इ. स. १५०३ च्या सुमारास, 'सिद्धान्तसुंदर' हा ग्रंथ लिहिला. त्यांच्या वडिलांचं नाव नागनाथ. (औंढ्याच्या ज्योतिर्लिंगाचंही हेच नाव, पण त्यावरून काही सिद्ध होत नाही.) तिकडे युरोपात कोपर्निकस तेव्हा अजून इटलीत शिकत होता.

'सिद्धान्त' हा ग्रंथाचा एक प्रकार आहे. विश्वाची रचना कशी, ग्रह कुठे असतील, ग्रहण कधी लागेल, हे सगळं कल्पाच्या आरंभापासून मोजून सांगणारा तो मोठा ग्रंथ असतो. भास्कराचार्यांचा 'सिद्धान्तशिरोमणी' ११५० चा. त्यानंतर पंचांगासाठी लागणारे सोपे करणग्रंथ बरेच झाले, पण त्या तोडीचा सिद्धान्त लिहायला घेणारं महत्त्वाचं नाव थेट ज्ञानराजांचं. त्यांच्या ग्रंथात गोलाध्याय, ग्रहगणित आणि बीजगणित असे भाग आहेत. गोलाध्यायात भूगोल-खगोलाबरोबर वेधाच्या यंत्रांचं वर्णन आहे, आणि एक पूर्ण प्रकरण ऋतुवर्णनाचं, म्हणजे चक्क कवितेचं. ही पद्धत भास्कराचार्यांचीच. ज्यांच्याशी वाद घालायचा, त्यांच्याच पावलावर पाऊल.

वाद कशावरून? पृथ्वीला आधार कोणाचा, यावरून. शेष, कूर्म, वराह पृथ्वी धरून आहेत असं पुराणं सांगतात. भास्कराचार्यांचा प्रश्न सरळ होता: पृथ्वीला आधार हवा असेल तर त्या आधारालाही आधार हवा, मग त्यालाही. कुठेतरी 'हा स्वतःच्या शक्तीनं टिकतो' असं म्हणावंच लागणार. मग ते पृथ्वीबद्दलच का म्हणू नये?

ज्ञानराजांना हे पटलं नाही. पुराणं आणि गणित यांत खरा विरोध नाही, तो वाचणाऱ्याच्या समजुतीत आहे, अशी त्यांची भूमिका. उत्तरादाखल त्यांनी गिधाडाचा दाखला दिला. अल्प बळाचं गिधाड चोचीत साप धरून प्रहरभर आकाशात राहू शकतं, तर अचिंत्य शक्तीच्या कूर्मरूपी देवानं पृथ्वी कल्पभर का धरू नये? प्रहर म्हणजे तीन तास, कल्प म्हणजे ४३२ कोटी वर्षं.

गिधाड हवेच्या आधारानं तरंगतं, हा आक्षेप आज शाळेतलं पोरही घेईल. या मुद्द्यावर भास्कराचार्यच सरस ठरतात, यात शंका नाही. पण ज्ञानराजांना 'सनातनी' म्हणून बाजूला सारणं जितकं चूक, तितकंच 'आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' या फॉरवर्डमध्ये त्यांना बसवणंही. त्यांनी पुराणाची बाजू घेतली, पण पृथ्वी गोल आहे हे सोडलं नाही, आणि ग्रहणाचं गणितही तसंच मांडलं. 'पुराणात लिहिलंय' एवढ्यावर न थांबता त्यांनी युक्तिवाद केला. भास्कराचार्यांचं नाव मोठं म्हणून गप्पही बसले नाहीत.

हा वाद पुढे दीडशे वर्षं तरी चालला. गोदाकाठच्या गोलग्राम इथलं एक ज्योतिषी घराणं काशीला गेलं. त्यातल्या कमलाकरांनी १६५८ मध्ये 'सिद्धान्ततत्त्वविवेक' लिहिला. पुराण आणि गणित यांचा मेळ हा काशीतल्या या पंडितांच्याही चर्चेचा विषय होता.

ज्ञानराजांच्या घरात मात्र गंमतच झाली. चिंतामणी या मुलानं वडिलांच्या ग्रंथावर टीका लिहिली. (टीका म्हणजे इथे भाष्य, दोष काढणं नव्हे.) दुसरा मुलगा सूर्यदास. त्यानं भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'वर १५३८ मध्ये 'सूर्यप्रकाश' आणि 'लीलावती'वर १५४१ मध्ये 'गणितामृतकूपिका' लिहिली. म्हणजे बापानं ज्यांना आव्हान दिलं, त्यांचेच ग्रंथ मुलगा उलगडून सांगत होता. याच सूर्यदासाचं 'रामकृष्णविलोमकाव्य' आजही चकित करतं: श्लोक सरळ वाचला तर रामकथा, शेवटच्या अक्षरापासून उलटा वाचला तर कृष्णकथा.

ज्ञानराजांचा ग्रंथ बराच काळ हस्तलिखितांतच वाचला जात होता. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या 'भारतीय ज्योतिःशास्त्र' या मराठी ग्रंथात त्याची दखल घेतली. टोके क्नुडसेन या अभ्यासकानं केलेला सटीक इंग्रजी अनुवाद अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रकाशनानं २०१४ मध्ये छापला. गिधाड आणि सापाचा तो युक्तिवाद त्यात वाचायला मिळतो.