मोडलेला बांबू, लीलावती आणि ‘जैब’

काटकोन त्रिकोणातल्या सर्वात लांब बाजूला मराठीत कर्ण म्हणतात, उर्दूत वतर. नवी मुंबईत दोन्ही माध्यमांची मुले दहावीला याच त्रिकोणापाशी अडखळतात. त्यातून गणित नेमके कोणाचे, हा वाद मोठी माणसे घालतात. इतिहास काय सांगतो ते पाहू.

भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’ लिहिली. त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातू चांगदेवाने खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ काढला. त्याचा १२०७ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.

लीलावतीतले एक उदाहरण असे: ३२ हात उंच बांबू वाऱ्याने मोडला. शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकला. बांबू किती उंचीवर मोडला?

पहिली पायरी, आकृती काढा. उभा राहिलेला भाग ही एक बाजू, जमिनीवरचे १६ हात ही दुसरी, कललेला भाग हा कर्ण.
दुसरी, उभा भाग आणि कर्ण यांची बेरीज ३२.
तिसरी, कर्णाच्या वर्गातून उभ्या भागाचा वर्ग वजा केला की १६ चा वर्ग, म्हणजे २५६ उरतो.
चौथी, वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले फरक. म्हणून फरक २५६ ÷ ३२ = ८.
पाचवी, बेरीज ३२ आणि फरक ८, तर कर्ण २० आणि उभा भाग १२ हात.
पडताळा: १४४ + २५६ = ४००, म्हणजे २० चा वर्ग.

हाच ग्रंथ अकबराच्या सांगण्यावरून फैजीने १५८७ साली फारसीत नेला. घटिकापात्रात मोती पडून लीलावतीच्या लग्नाचा मुहूर्त टळला, ही घरोघरी सांगितली जाणारी गोष्ट फैजीच्या याच अनुवादामुळे सर्वदूर पोचली. पुढे शाहजहानच्या काळात अताउल्लाह रशीदी यांनी भास्कराचार्यांचे ‘बीजगणित’ही फारसीत आणले.

शब्दांचा प्रवास तर आणखी जुना. संस्कृतात ‘ज्या’ किंवा ‘जीवा’ म्हणजे धनुष्याची दोरी. अरबीत तिचे ‘जीबा’ झाले. अरबी लिपीत स्वर बहुधा लिहीत नाहीत, त्यामुळे तेच अक्षर ‘जैब’ असे वाचले गेले. जैब म्हणजे कपड्याची घडी. बाराव्या शतकात लॅटिन अनुवादकांनी त्याचा अर्थ घेऊन ‘सायनस’ केले आणि त्याचेच आपल्या पुस्तकातले ‘साइन’ झाले. उर्दूतही जैब म्हणतात. आणि वतर? त्याचाही मूळ अर्थ धनुष्याची दोरी.

तेव्हा वर्गात वाद घालण्यापेक्षा मुलांना कर्ण आणि वतर, ज्या आणि जैब हे शब्द शेजारी शेजारी फळ्यावर लिहून द्यावेत. वडिलोपार्जित जमिनीसारखी या त्रिकोणाची वाटणी होत नाही. पायऱ्या नीट लिहिणाऱ्याला तो सुटतो, मग त्याने कर्ण लिहिले काय किंवा वतर लिहिले काय.