विधिसंघर्षग्रस्त बालकांचे अपवर्तन (ठाणे व कल्याण-डोंबिवली)

गुन्ह्याचा आरोप असलेल्या अठरा वर्षांखालील मुलास न्यायालयीन कारवाईपासून दूर ठेवून समुपदेशन, ताकीद किंवा देखरेखीच्या मार्गाने हाताळण्याच्या पद्धतीस अपवर्तन असे म्हणतात. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ३ मध्ये ते एक मूलभूत तत्त्व म्हणून नमूद आहे. हा कायदा १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आहे.

पोलिसांची भूमिका

इंग्लंडमध्ये पोलीस स्वतः ताकीद देऊन प्रकरण मिटवू शकतात. भारतात तसा अधिकार त्यांना नाही. निर्णय बाल न्याय मंडळाचाच असतो. तथापि २०१६ च्या आदर्श नियमांतील नियम ८ प्रमाणे, निर्घृण गुन्हा किंवा प्रौढांसमवेत केलेला गुन्हा वगळता प्राथमिक माहिती अहवाल (एफआयआर) नोंदवला जात नाही. ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करून मुलाचा सामाजिक पार्श्वभूमी अहवाल मंडळाकडे पाठवायचा असतो. किरकोळ व गंभीर गुन्ह्यांत मुलाला सहसा ताब्यात न घेता पालकांना सुनावणीची तारीख कळवली जाते. खरे अपवर्तन घडते ते या टप्प्यावर, म्हणून अहवाल लिहिणाऱ्या बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याचे काम कागदावर दिसते त्याहून मोठे आहे. कलम १०७ नुसार प्रत्येक पोलीस ठाण्यात असा किमान एक अधिकारी नेमणे बंधनकारक आहे.

ठाणे परिसर

ठाणे, भिवंडी, कल्याण, डोंबिवली व उल्हासनगर हा भाग ठाणे पोलीस आयुक्तालयात येतो. रेल्वे स्थानके व लोकलगाड्यांतील गुन्हे मात्र मुंबई लोहमार्ग पोलिसांकडे असतात. हा भेद केवळ हद्दीपुरता नाही. भारतीय न्याय संहितेनुसार रस्त्यावरील साध्या चोरीस कमाल ३ वर्षे, तर प्रवासी वाहनातील वस्तूच्या चोरीस कमाल ७ वर्षे शिक्षा आहे. परिणामी, डोंबिवलीच्या बाजारात उचललेला मोबाइल 'किरकोळ' गुन्ह्यात आणि लोकलच्या डब्यात उचललेला तोच मोबाइल 'गंभीर' गुन्ह्यात मोडतो.

जिल्ह्याचे निरीक्षणगृह भिवंडी येथे आहे. ताब्यात घेतलेल्या मुलाला, प्रवासाचा वेळ वगळता, २४ तासांत मंडळापुढे हजर करावे लागते. त्याला पोलीस कोठडीत अथवा ठाणे मध्यवर्ती किंवा कल्याणच्या आधारवाडीसारख्या कारागृहात ठेवण्यास कायद्याने मनाई आहे.

मंडळाचे आदेश

एक दंडाधिकारी व दोन समाजकार्यकर्ते (त्यांपैकी एक महिला) मिळून मंडळ बनते. उपदेश देऊन घरी पाठवणे, गटसमुपदेशन, समाजसेवा, दंड, परिवीक्षा किंवा जास्तीत जास्त ३ वर्षे विशेष गृहात ठेवणे असे आदेश ते देऊ शकते. किरकोळ गुन्ह्याची चौकशी ४ महिन्यांत, व वाढवून दिलेल्या २ महिन्यांतही, पूर्ण न झाल्यास प्रकरण संपुष्टात येते. १६ ते १८ वयोगटातील मुलांवर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असल्यास कलम १५ खाली प्राथमिक मूल्यांकन होते; तेथे अपवर्तनाला फारसा वाव उरत नाही.

मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास कलम ७४ प्रतिबंध करते. कलम २४ नुसार सर्वसाधारणपणे त्या गुन्ह्यामुळे कोणतीही अपात्रता मुलाला पुढे चिकटत नाही.