काळ्या यादीतला नट

नटाची गोष्ट सांगायला कामगार चळवळीतला माणूस कशाला, असे आपणांपैकी काहींना वाटेल. परंतु नट हाही पोटासाठी राबणारा माणूसच. त्यालाही मालक असतो, करार असतो, आणि मालकाची मर्जी फिरली की बेकारीही असते. अमेरिकेतील हॉवर्ड डा सिल्वा या नटाची हकीकत आम्ही याच दृष्टीने सांगणार आहोत.

१९०९ साली क्लीव्हलंडला जन्मलेल्या या माणसाने तरुणपणी पोलादाच्या कारखान्यात काम केले होते. १९३७ साली न्यूयॉर्कला मार्क ब्लिट्झस्टाइनच्या 'द क्रेडल विल रॉक' या संगीत नाटकात त्याला भूमिका मिळाली, तीही पोलाद कामगारांच्या संघटकाची. नाटक सरकारी नाट्ययोजनेतले; पण १६ जूनला, पहिल्याच प्रयोगाच्या दिवशी, नाट्यगृहाला कुलूप लागले. नट आणि प्रेक्षक चालत दुसऱ्या नाट्यगृहात गेले. 'इक्विटी' या नटांच्या युनियनने सभासदांना रंगमंचावर जाण्याची मनाई केली होती. तेव्हा संगीतकार एकटा पियानो घेऊन मंचावर बसला, आणि नट प्रेक्षकांतूनच उठून गायले. मनाई मंचावर जाण्याची होती, प्रेक्षकांत उभे राहून गाण्याची नव्हती!

पुढे १९४३ च्या 'ओक्लाहोमा!' या संगीत नाटकात काम करून तो हॉलिवूडमध्ये स्थिरावला. 'द लॉस्ट वीकेंड' (१९४५) मधला दारूच्या गुत्त्यातील नोकर त्यानेच रंगवला.

१९४७ साली अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीपुढे रॉबर्ट टेलर या प्रसिद्ध नटाने त्याचे नाव घेतले. तक्रार काय, तर चित्रपट-नटांच्या संघटनेत हा नेहमी नको त्या वेळी बोलतो. असा सभासद आम्हांला चांगला परिचयाचा आहे. पुष्कळदा सभेतली मुद्द्याची गोष्ट तोच बोलतो. १९५१ साली डा सिल्वाला समितीपुढे बोलावले गेले. राज्यघटनेचा आधार घेऊन त्याने उत्तरे नाकारली. 'स्लॉटर ट्रेल' या चित्रपटातील त्याचे काम काढून टाकून ते दुसऱ्या नटाकडून पुन्हा करवून घेण्यात आले. त्यानंतर सुमारे दहा वर्षे पडदा त्याला बंद झाला.

मग तो जगला कसा? रंगभूमीवर. चित्रपटधंदा मूठभर कंपन्यांच्या हाती होता. नाटकाचे निर्माते अनेक होते. पण दुसरेही कारण होते. १९५२ साली 'इक्विटी'ने नाट्यगृहमालक व निर्माते यांच्याबरोबरच्या करारात काळ्या यादीविरुद्ध कलम घालून घेतले. उलट चित्रपट-नटांच्या संघटनेने १९५३ साली नव्या सभासदांकडून 'आपण कम्युनिस्ट नाही' अशी शपथ मागितली.

२३ नोव्हेंबर १९५९ रोजी ब्रॉडवेवर 'फिओरेल्लो!' हे संगीत नाटक आले. न्यूयॉर्कचा महापौर ला ग्वार्डिया हा त्याचा नायक. शिवणकारखान्यातल्या संपकरी मुलींची बाजू तो घेतो. पन्नाशीच्या डा सिल्वाने त्यात पक्षाचा स्थानिक पुढारी बेन मरीनो उभा केला. त्याच्या वाट्याला एक विनोदी गाणे होते : लाचखाऊ अधिकाऱ्यांची न्यायालयात उलटतपासणी! चौकशीच्या खुर्चीत बसलेला नट आता चौकशीवरच लोकांना हसवीत होता. नाटकाला १९६० चे पुलित्झर पारितोषिक मिळाले, डा सिल्वाला टोनी पारितोषिकाचे नामांकन. १९६२ साली 'डेव्हिड अँड लिसा'मधून तो पडद्यावर परतला. १९६९ साली '१७७६' या संगीत नाटकात तो अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा एक शिल्पकार, बेंजामिन फ्रँकलिन झाला, आणि १९७२ साली तीच भूमिका चित्रपटातही त्यालाच मिळाली. १९८६ साली तो वारला.

या हकीकतीत नटाइतकेच आम्हांला त्या युनियनकडे पाहावेसे वाटते. १९३७ साली जिने सभासदांना मंचावर मनाई केली, तिनेच पंधरा वर्षांनी त्यांच्यासाठी मंचाचे दार उघडे ठेवले. युनियन जन्मतः शूर नसते की भित्री नसते. सभेला येणारी माणसे तिला तसे घडवतात. म्हणून सभेला जावे, आणि वेळ पडली तर नको त्या वेळी बोलावेही.