दाब पडला असता पवनचक्कीने काय करावे?

विजेचा दाब म्हणजे काय हे जालन्याच्या श्रोत्यांना सांगावे लागत नाही. आपल्या औद्योगिक वसाहतीत लोखंड वितळविणाऱ्या विजेच्या भट्ट्या आहेत. वीज गेली की भट्टीतला रस थंडावू लागतो आणि वेळेवर ओतून घेतला नाही तर जागीच गोठतो. मग मालकाचे नुकसान होतेच, पण रोजंदारीवरचा माणूसही हात हलवीत घरी जातो. म्हणून आजचा विषय वरवर अभियंत्यांचा दिसला, तरी तो आम्ही कामगारांचाही समजतो.

1957 साली डेन्मार्कमध्ये गेडसर येथे योहानेस यूल यांनी 200 किलोवॅटची पवनचक्की उभारली. तिचे जनित्र असिंक्रोनस जातीचे, म्हणजे साधे, दणकट, पण परावलंबी होते. स्वतःचे चुंबकत्व उभे करण्यास लागणारी शक्ती ते जाळ्यातूनच घेई. पुढे कित्येक वर्षे याच धर्तीच्या पवनचक्क्या जगभर पसरल्या.

आता तारेवर कुठे आकाशातली वीज पडली असे समजा. क्षणभर दाब कोसळतो. त्याबरोबर जनित्राचा पात्यांवरील रोध ढिला पडतो. वारा मात्र तेवढाच वाहत असतो, म्हणून चक्र वेग घेते. दाब परतू लागला की हेच जनित्र चुंबकत्वासाठी भरमसाट प्रवाह ओढते आणि सावरू पाहणारा दाब पुन्हा खाली खेचते. यावरून नियम ठरला की, दाब पडताच पवनचक्कीने जाळ्यापासून तुटून बाजूला व्हावे. त्या काळी तो शहाणपणाचाच होता. आपल्या कोकण किनाऱ्यावर 1986 साली पवनचक्क्या आल्या त्या 55 किलोवॅटच्या. त्या सुटल्या काय नि राहिल्या काय, जाळ्याला पत्ताही लागत नसे.

पुढे साताऱ्याकडे वनकुसवड्याच्या पठारावर, धुळे जिल्ह्यात ब्राह्मणवेलला, आपल्या शेजारी बीड जिल्ह्यातही पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. एक गडी कामावरून उठला तर काम चालते. सगळी पाळी एकदम उठली तर कारखाना थांबतो. संघटनेत केस पिकलेल्या आम्हांला हे कोणी शिकवावे लागले नाही! जर्मनीत 2003 मध्ये नियम उलटा झाला, आणि आपल्याकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने तो 2013 च्या दुरुस्तीने आणला. 66 किलोव्होल्ट वा त्यावरच्या जाळ्याला जोडलेल्या नव्या पवनचक्क्यांनी, दाब 15 टक्क्यांवर आला तरी 300 मिलिसेकंद जोडलेले राहावे. एवढेच नव्हे, तर त्या अवधीत दाब उचलून धरणाऱ्या रिअ‍ॅक्टिव्ह शक्तीला पहिला मान द्यावा, असा त्या दुरुस्तीचा नियम होता.

नव्या यंत्रांना हे साधते. पाती वळवून वाऱ्याचा जोर कमी करता येतो, आणि जनित्र व जाळे यांच्यामधला इलेक्ट्रॉनिक परिवर्तक हवा तसा प्रवाह सोडतो.

परंतु यंत्राला साधते म्हणून ते यंत्र तसे वागेलच असे नाही. 28 सप्टेंबर 2016 रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियात चक्रीवादळी झंझावाताने मोठ्या वाहिन्यांचे मनोरे पाडले. सुमारे दोन मिनिटांत सहा वेळा दाब पडला. पवनचक्क्यांनी पहिले काही धक्के उत्तम सोसले; पण इतक्या वेळात इतकेच धक्के सोसावयाचे, पुढे उत्पादन आवरावयाचे, असा एक आकडा त्यांच्या नियंत्रकात घालून ठेवलेला होता. तो ओलांडताच सात सेकंदांच्या आत 456 मेगावॅट वीज नाहीशी झाली. ती तूट भरून काढताना व्हिक्टोरिया राज्याकडून येणाऱ्या वाहिनीवर भार वाढला, ती तुटली, आणि सुमारे साडेआठ लाख ग्राहकांचे सबंध राज्य अंधारात गेले.

जाळे चालविणाऱ्या संस्थेला या आकड्याची आधी कल्पनाच नव्हती. यंत्र कितीदा टिकणार हे ज्याच्या हाती जाळे आहे त्यालाच ठाऊक नसावे, याला आम्ही वाऱ्याचा दोष म्हणत नाही. घटनेनंतर थोड्याच काळात तो आकडा बदलण्यात आला.