स्कार्बरोची जुनी हॉटेले

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर यॉर्कशायर परगण्यात स्कार्बरो म्हणून एक जुने बंदर आहे. समुद्रात शिरलेली एक उंच टेकडी, तिच्या माथ्यावर पडका किल्ला, आणि टेकडीच्या उत्तरेस व दक्षिणेस वाळूच्या दोन चंद्रकोरी, अशी त्या गावाची ठेवण श्रोत्यांनी नजरेसमोर आणावी. मासेमारी आणि जहाजबांधणी हे तेथले मूळचे उद्योग. परंतु गेली कित्येक शतके हे गाव पाहुण्यांवर जगत आले आहे. ज्या गावाचे पोट पाहुण्यांवर, त्याचा इतिहास किल्ल्यात शोधण्यापेक्षा हॉटेलांत शोधलेला बरा.

१६२६ च्या सुमारास फॅरर नावाच्या एका बाईस दक्षिणेकडील कड्याच्या पायथ्याशी एक झरा आढळला. त्याच्या पाण्याने दगड तांबूस होत व चव कडवट लागे. हे पाणी प्रकृतीस मानवते असा बोभाटा झाला, आणि १६६० साली विटी नावाच्या डॉक्टराने त्यावर एक पुस्तकच लिहिले. औषधी पाणी पिण्यास आलेली मंडळी हळूहळू समुद्रातही उतरू लागली. १७३५ सालच्या एका चित्रात स्नानाची चाकांवरील खोपटी स्पष्ट दिसते. तथापि हॉटेल म्हणावे असे त्या काळी तेथे काही नव्हते. सधन कुटुंबे नोकरमाणसांसह येत आणि भाड्याच्या बिऱ्हाडात महिना दोन महिने काढून परत जात.

अशा बिऱ्हाडांपैकी ‘वुड्स लॉजिंग्ज’ हे समुद्राकडे तोंड करून कड्यावर उभे होते. रॉबिन्सन नावाच्या एका श्रीमंत कुटुंबाबरोबर त्यांच्या मुलांची शिक्षिका म्हणून ॲन ब्राँटी ही तरुणी १८४० नंतरच्या काही उन्हाळ्यांत तेथे येत असे. तिघी लेखिका बहिणींपैकी ही धाकटी. पगारी नोकर म्हणून जो समुद्र तिने पाहिला, तोच तिने आपल्या ‘ॲग्नेस ग्रे’ या कादंबरीच्या अखेरीस आणला. पुढे क्षयाने ग्रासल्यावर २५ मे १८४९ रोजी ती बहीण शार्लट व एक मैत्रीण यांच्यासह पुन्हा तेथे आली, या खेपेस मात्र पाहुणी म्हणून. दुसऱ्या दिवशी ती गाढवाच्या गाडीतून वाळूवर फिरली. हाकणारा जनावरास फार दामटील म्हणून लगाम तिने स्वतःच्या हाती घेतला. २८ मे रोजी तिचा अंत झाला. वृद्ध पित्यास आणखी एका अपत्याची प्रेतयात्रा पाहावी लागू नये, म्हणून शार्लटने तिला गावातील सेंट मेरीच्या आवारातच पुरविले. थडग्यावर वय अठ्ठावीस कोरले आहे. वास्तविक ती एकोणतीस वर्षांची होती.

दरम्यान १८४५ साली यॉर्कहून आगगाडी स्कार्बरोला येऊन पोहोचली, आणि त्याच वर्षी दक्षिणेच्या कड्यावर ‘क्राउन’ हे हॉटेल उघडले. जो प्रवास उमरावांनाच परवडे तो आता मध्यम स्थितीच्या कुटुंबांच्या आवाक्यात आला. बिऱ्हाडाची पद्धत पुरेनाशी झाली. वुड्स लॉजिंग्ज पाडण्यात आले आणि त्या जागेवर १८६७ साली ‘ग्रँड हॉटेल’ उभे राहिले. लीड्सच्या टाउन हॉलचा शिल्पकार कथबर्ट ब्रॉड्रिक यानेच याचा आराखडा काढला. युरोपातील सर्वांत मोठ्या हॉटेलांत तेव्हा त्याची गणना होई. इमारत राणी व्हिक्टोरियाच्या आद्याक्षराच्या आकाराची. ऋतूंचे म्हणून चार मनोरे, महिन्यांचे म्हणून बारा मजले, आठवड्यांची म्हणून बावन्न धुराडी आणि दिवसांच्या म्हणून तीनशे पासष्ट खोल्या, असा हिशेब तेथे अभिमानाने सांगितला जातो. स्नानगृहांत गोड्या पाण्याच्या तोट्यांजवळच खाऱ्या पाण्याच्या तोट्याही होत्या. म्हणजे समुद्राजवळ येऊन समुद्रात न उतरताही समुद्रस्नान होई! श्रीमंतीस याहून अधिक काय हवे?

१६ डिसेंबर १९१४ रोजी सकाळी जर्मन युद्धनौकांनी शहरावर तोफा डागल्या, तेव्हा कड्यावरच्या या प्रचंड इमारतीसही गोळे लागले. शहरात डझनाहून अधिक माणसे प्राणास मुकली. दुसऱ्या महायुद्धात त्याच खोल्यांतून विमानदलाचे उमेदवार राहत होते. पुढे मालक बदलले, भपका उतरला. पण ग्रँड उभे राहिले.

दक्षिणेकडील होल्बेक हॉल हॉटेलास मात्र ते भाग्य लाभले नाही. १८७९ साली खासगी निवासासाठी बांधलेले हे घर १९३२ साली हॉटेल झाले. येथील कडा कठीण खडकाचा नसून हिमयुगीन चिकणमातीचा आहे. १९९३ सालच्या जून महिन्यात एका रात्री हॉटेलापुढील हिरवळ खचू लागली. पाहुण्यांना पहाटे सुखरूप बाहेर काढण्यात आले, आणि एक दोन दिवसांत इमारतीचा समुद्राकडील भाग माणसांच्या डोळ्यांदेखत कोसळला. उरलेला पाडावा लागला. मालकांनी शहराच्या कौन्सिलवर दावा लावला, तो खालच्या कोर्टात ते जिंकले, पण २००० साली अपील कोर्टाने निकाल फिरविला. कायद्याच्या अभ्यासकांना हे हॉटेल आता खटल्याच्या नावानेच ठाऊक आहे.

ग्रँडची आठवण आकड्यांनी राहिली, होल्बेकची अपघाताने. परंतु हॉटेलाची खरी कुळकथा ऐकावयाची असेल तर जेथे एक घराणे नांदले अशा हॉटेलाकडेच वळले पाहिजे. दुकानदार रात्री फळ्या लावून घरी जातो. हॉटेलवाल्यास जाण्यासारखे दुसरे घर नसते. त्याची मुले परक्यांच्या पायरवात वाढतात. सारा गाव सुट्टीचा आनंद लुटत असतो तेव्हाच आईबापांना श्वास घेण्यास फुरसत नसते, आणि ते मोकळे होतात तेव्हा हिवाळ्याचा वारा रिकाम्या खोल्यांतून घोंघावत असतो.

लॉटन घराणे हे असे होते. रॉबर्ट लॉटन आणि त्याची पत्नी एलायझा ही दोघे रेल्वे स्टेशनासमोरचे ‘व्हिक्टोरिया’ हॉटेल चालवीत असत. तेथेच १ जुलै १८९९ रोजी त्यांचा थोरला मुलगा चार्ल्स जन्मला. मागून टॉम आणि फ्रँक. एलायझा कॅथॉलिक, करारी आणि धंद्यात मुरलेली बाई होती. १९०८ च्या सुमारास कुटुंबाने स्टेशनाजवळचेच, पण बरेच मोठे असे ‘पॅव्हिलिअन’ हॉटेल घेतले. थोरल्याने ते पुढे चालवावे हे ठरल्यासारखेच होते. त्याला जेझुइटांच्या शाळेत घातले, आणि शाळा संपताच धंद्याच्या शिक्षणासाठी लंडनच्या प्रसिद्ध ‘क्लॅरिजेस’ हॉटेलात उमेदवारीस धाडले. संध्याकाळी सुटका झाली की हा मुलगा नाटके पाहण्यास जाई. मग महायुद्ध आले. साधा शिपाई म्हणून तो फ्रान्सच्या खंदकांत गेला आणि विषारी वायूचा प्रसाद घेऊन परतला.

परतल्यावर पॅव्हिलिअनचा कारभार त्याच्या गळ्यात पडला. दिवसा हॉटेल आणि रात्री गावातील हौशी मंडळींची नाटके, असा क्रम काही वर्षे चालला. त्याने दांडगाई केली नाही, घर सोडून पळूनही गेला नाही. १९२४ साली बाप वारला. पुढच्या वर्षी, वयाच्या पंचविशीत, घरच्यांनी मोकळीक दिल्यावर चार्ल्स लंडनच्या नाट्यशिक्षणाच्या राजशाळेत दाखल झाला, आणि १९२६ साली धंदेवाईक रंगभूमीवर उभा राहिला. १९३३ सालच्या बोलपटात आठव्या हेन्रीची भूमिका करून त्याने अमेरिकेचे ऑस्कर पारितोषिक मिळविले. त्या चित्रपटात राजा भर पंगतीत कोंबडी हातांनी फाडून खातो आणि हाडे मागे भिरकावतो, हे दृश्य लोकांच्या फार दिवस स्मरणात राहिले. काटा कोठे ठेवावा आणि सुरी कोठे, हे ज्याच्या घरात पोटापाण्याचे शास्त्र होते, त्या मुलाने हे करावे, ही गंमत स्कार्बरोकरांच्या लक्षात आली असेलच.

जगाने चार्ल्सचे नाव ऐकले. हॉटेल मात्र टॉमने सांभाळले. घराण्याची गादी एकाने नाकारली म्हणजे ती दुसऱ्याच्या वाट्यास येते, आणि त्याची आवड कोणी विचारीत नाही. टॉमने ती कुरकुरत चालविल्याचे दिसत नाही. १९३० नंतरच्या दशकात त्याने ‘रॉयल’ हे गावातील दुसरे जुने हॉटेलही घेतले. थोरल्या भावाप्रमाणे त्यालाही कलेचा नाद होता, पण त्याचा नाद भिंतीवरच्या चित्रांचा. पुढे आपल्या संग्रहातील बरीच चित्रे त्याने शहराच्या कलादालनास देऊन टाकली, आणि ती तेथे जतन झाली.

चार्ल्स १९६२ साली अमेरिकेत वारला. तोपर्यंत काळही पालटला होता. यॉर्कशायरच्या गिरण्यांतील व कचेऱ्यांतील माणसे उन्हासाठी विमानाने स्पेनला जाऊ लागली होती, आणि थंड समुद्राकाठच्या मोठ्या हॉटेलांचे भाडे भरेनासे झाले होते. १९७३ साली पॅव्हिलिअनवर कुदळ पडली. त्या जागी कचेऱ्यांची इमारत उठली. त्यानंतर चार वर्षांनी, १९७७ साली, टॉम लॉटनचे आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याचे नाव ‘पॅव्हिलिअन्स बाय द सी’. त्याखाली लेखकाने या आठवणी एका हॉटेलवाल्याच्या आहेत एवढेच म्हटले आहे.