शेजाऱ्यांचा कौल
अमेरिकेच्या अनेक राज्यांत नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर उमेदवारांच्या नावांखेरीज काही प्रश्नही छापलेले असतात. कोणी कोणाशी लग्न करावे, गर्भपाताचा निर्णय कोणाचा असावा, गांजा विकू द्यावा की नाही. आणि पुढे 'होय' व 'नाही' एवढे दोनच पर्याय. मराठी वाचकाला असा प्रकार ठाऊक आहे तो १६ जानेवारी १९६७ च्या गोव्यातील जनमत कौलामुळे. फूल (विलीनीकरण) की दोन पाने (वेगळा प्रदेश), यावरून तेव्हा घरोघरी तट पडले होते आणि ३४,०२१ मतांच्या फरकाने महाराष्ट्रातील विलीनीकरण फेटाळले गेले. मात्र तिथे प्रश्न प्रदेशाचा होता आणि तो एकदाच विचारला गेला. अमेरिकेत तो बहुधा कोणाच्या तरी खासगी आयुष्याचा असतो आणि पुनःपुन्हा विचारला जातो. ज्याच्या आयुष्यावर असे मतदान होते, त्याने निकालानंतर काय केले, याचा माग घेत आपण मागे जाऊ.

अगदी मागे गेलो तर मॅसॅच्युसेट्स लागते. १७७८ मध्ये तिथल्या राज्यघटनेचा मसुदा गावोगावच्या सभांपुढे ठेवण्यात आला. कृष्णवर्णीयांना आणि मूलनिवासींना त्यात मताधिकार नव्हता. गावांनी मसुदा फेटाळला आणि आपले आक्षेप लेखी कळवले. काही गावांच्या आक्षेपांत हा वगळण्याचा मुद्दाही होता. दुसरा मसुदा १७८० मध्ये मंजूर झाला. इथून पुढे राज्यघटनांवर लोकांचे मत घेण्याची रीत हळूहळू रुळली. १८६७ मध्ये कॅन्ससने एकाच निवडणुकीत दोन प्रश्न विचारले : कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार द्यावा का, आणि स्त्रियांना द्यावा का? स्त्री-मताधिकाराच्या पुढाऱ्या सूझन अँथनी आणि एलिझाबेथ स्टँटन प्रचारासाठी तिथे गेल्या. मत देणारे सगळे गोरे पुरुष होते आणि दोन्ही प्रश्नांना त्यांनी 'नाही' म्हटले.

लोकांनी स्वतःच सह्या गोळा करून प्रश्न मांडायचा, हा पुढचा टप्पा मात्र स्वित्झर्लंडमधून आला. तिथे १८७४ मध्ये संसदेचा कायदा लोकांपुढे खेचण्याचा हक्क मिळाला आणि १८९१ मध्ये घटनेत नवे कलम सुचवण्याचा. या नव्या हक्काचा पहिला वापर १८९३ मध्ये झाला, तो बधिर न करता जनावर कापण्यावर बंदी घालण्यासाठी. प्राण्यांविषयीच्या कळवळ्यात ज्यूद्वेष मिसळलेला होता, कारण बंदीचा फटका ज्यूंच्या धार्मिक पद्धतीला बसणार होता. बंदी मंजूर झाली. हत्यार नवे असतानाच ते कोणावर चालू शकते हे दिसले होते. दुर्दैवाने ते पाहण्याची फुरसत कोणाला नव्हती.

त्याच सुमारास जे. डब्ल्यू. सलिव्हन यांचे स्विस पद्धतीवरील पुस्तक अमेरिकेत फिरू लागले. ओरेगॉनात ते विल्यम यूरेन नावाच्या, लोहारकाम करून वकील झालेल्या माणसाच्या हाती पडले. रेल्वे कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या विधिमंडळांचा लोकांना वीट आला होता. ही पद्धत प्रथम स्वीकारली साऊथ डकोटाने, १८९८ मध्ये. पण तिला घडवले ते ओरेगॉनने. १९०२ मध्ये तिथे ६२,०२४ विरुद्ध ५,६६८ मतांनी ती मंजूर झाली. यूरेन यांच्या डोळ्यांपुढे रेल्वे होती, मक्तेदारी होती. पण १९०४ मध्ये आलेल्या पहिल्या दोन प्रस्तावांपैकी एक होता दारूबंदीचा अधिकार स्थानिक मतदारांना देण्याचा. लोकांना कंपन्यांइतकाच शेजाऱ्याचा पेलाही खुपत होता.

आता ओरेगॉनात स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेल्या ॲबिगेल स्कॉट ड्युनिवे यांच्यापाशी थोडे थांबू. त्यांच्या नवऱ्याने मित्रासाठी जामीन राहून शेत गमावले. त्या व्यवहारात बायकोला कोणी विचारले नव्हते. पुढे तो अपघाताने अधू झाला आणि सहा मुलांचा संसार त्यांच्यावर पडला. त्यांनी टोप्यांचे दुकान चालवले आणि १८७१ मध्ये पोर्टलंडमध्ये 'द न्यू नॉर्थवेस्ट' हे साप्ताहिक काढले. ओरेगॉनात स्त्रियांच्या मताधिकारावर १८८४ मध्ये मतदान झाले आणि प्रस्ताव हरला. १९०० मध्ये तो फक्त सुमारे दोन हजार मतांनी हरला. पुढे १९०६, १९०८, १९१०. दर वेळी 'नाही'. विरोधकांत त्यांचा सख्खा भाऊ हार्वी स्कॉट होता, तोही 'द ओरेगोनियन'चा संपादक. अखेर १९१२ मध्ये, त्या ७८ वर्षांच्या असताना, ६१,२६५ विरुद्ध ५७,१०४ मतांनी कौल मिळाला आणि गव्हर्नरांच्या विनंतीवरून त्यांनीच घोषणापत्र लिहिले. दोन वर्षांनी, नव्या मतदार स्त्रियांसह, ओरेगॉनने दारूबंदी मंजूर केली. बाईंचा दारूबंदीला विरोध होता. मताधिकार मिळाला म्हणून लोक आपल्या मनासारखे मत देतील असे थोडेच असते!

हरल्यावर पुन्हा मतपेटीकडे जायचे, हे ड्युनिवे यांचे उत्तर. दुसरे उत्तर न्यायालयाचे. १९६४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी घर विकताना वंशभेद करण्याचा मालकाचा हक्क सुमारे दोन तृतीयांश मतांनी राखला. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये तो रद्द ठरवला. तिसरे उत्तर १९७८ मध्ये सापडले. समलिंगी शिक्षकांना शाळांतून काढण्याचा प्रस्ताव कॅलिफोर्नियात आला, तेव्हा स्वतः समलिंगी असलेले सॅन फ्रान्सिस्कोचे लोकप्रतिनिधी हार्वी मिल्क यांनी समलिंगी लोकांना सांगितले की घरच्यांना, मित्रांना, शेजाऱ्यांना स्वतःविषयी सांगा. ज्याच्याविरुद्ध मत द्यायचे तो ओळखीचा निघाला की हात अडखळतो, हा त्यामागचा हिशेब. रोनाल्ड रेगन यांनीही विरोध केला आणि प्रस्ताव पडला. मिल्क यांची हत्या त्यानंतर तीन आठवड्यांतच झाली. हा हिशेब दर वेळी जुळला नाही. ३ नोव्हेंबर १९९२ ला समलिंगी लोकांविरुद्धचा प्रस्ताव ओरेगॉनने फेटाळला, तर कोलोरॅडोने त्यांना भेदभावापासून संरक्षण नाकारणारी दुरुस्ती मंजूर केली. ती रद्द व्हायला १९९६ उजाडले.

४ नोव्हेंबर २००८ ची रात्र अनेकांना ओबामांमुळे आठवते. त्याच रात्री कॅलिफोर्नियाने ५२ टक्के मतांनी समलिंगी विवाह बंद केले. जूनपासून लग्न केलेली हजारो जोडपी कायद्याने विवाहित राहिली, पण आपल्या गल्लीतल्या किती घरांनी 'नाही' म्हणायला हवे तिथे 'होय' म्हटले, हे कोडे त्यांच्यापाशी उरले. मेन राज्याने २००९ मध्ये असाच कौल दिला. तिथे पुढची तीन वर्षे कार्यकर्ते दारोदार गेले. पत्रक हाती देऊन निघून न जाता थांबून आपली कहाणी सांगत, समोरच्याला त्याच्या लग्नाविषयी विचारत. २०१२ मध्ये मेनने मत बदलले. मला या सगळ्या इतिहासात हे काम सर्वांत मोलाचे वाटते, आणि सर्वांत अन्यायाचेही. स्वतःच्या लग्नाची परवानगी अनोळखी माणसाच्या उंबऱ्यावर मागावी लागणे यात मोठेपणा परवानगी देणाऱ्याचा नसतो.

जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचे राष्ट्रीय संरक्षण काढून घेतले, तसा हा प्रश्नही राज्यांच्या मतपत्रिकांवर आला. पहिली पाळी कॅन्ससची, १८६७ मध्ये स्त्रियांना नकार देणाऱ्या त्याच राज्याची. ऑगस्टमध्ये तिथल्या ५९ टक्के मतदारांनी राज्यघटनेतील गर्भपाताचा हक्क काढण्यास नकार दिला. २०२४ मध्ये फ्लोरिडात हक्काच्या बाजूने ५७ टक्के मते पडली, पण तिथे ६० टक्क्यांची अट असल्याने ती अपुरी ठरली. त्याच दिवशी मिसुरीत जेमतेम ५२ टक्क्यांनी हक्क घटनेत गेला. तो काढून टाकणारी दुरुस्ती नोव्हेंबर २०२६ च्या मतपत्रिकेवर ठेवण्याचा ठराव मिसुरीच्या विधिमंडळाने मे २०२५ मध्येच करून टाकला.