मिलिंग यंत्रावरील आरंभबिंदू

मिलिंग यंत्रावर कापकामाची सर्व अंतरे ज्या बिंदूपासून मोजली जातात, त्यास आरंभबिंदू असे म्हणतात. कारखान्यात त्यासाठी ‘जॉब झिरो’ हा शब्द रूढ आहे. आरंभबिंदू चुकल्यास प्रोग्रॅम बिनचूक असूनही प्रत्येक छिद्र व खाच तेवढ्याच अंतराने सरकते.

अक्ष व दिशा

आयएसओ ८४१ या मानकानुसार झेड अक्ष स्पिंडलला समांतर असतो व टूल जॉबपासून दूर जाण्याची दिशा धन मानली जाते. उभ्या स्पिंडलच्या यंत्रावर सामान्यतः एक्स अक्ष उजवीकडे आणि वाय अक्ष कारागिरापासून दूर, स्तंभाच्या दिशेने धन असतो. दिशा जॉबच्या सापेक्ष टूलच्या गतीवरून ठरते. म्हणून टेबल डावीकडे सरकल्यास एक्सचा आकडा वाढतो.

निर्देशक प्रणाली

सीएनसी यंत्रावर दोन प्रणाली एकत्र वापरल्या जातात. यंत्र निर्देशक प्रणालीचा आरंभबिंदू उत्पादकाने निश्चित केलेला असतो. कार्य निर्देशक प्रणालीचा आरंभबिंदू कारागीर जॉबवर ठरवतो. जी५४ ते जी५९ या सहा संकेतांखाली अशा आरंभबिंदूंची यंत्र निर्देशकांतील स्थाने साठवता येतात. त्यामुळे टेबलावरील निरनिराळ्या व्हाइसना स्वतंत्र आरंभबिंदू देता येतो.

स्थाननिवड

आरंभबिंदू शक्यतो आरेखनातील मापे जेथून दिलेली असतात तेथेच घेतात. व्हाइसमध्ये वाय अक्षासाठी स्थिर जबड्याला टेकलेली बाजू निवडणे श्रेयस्कर असते. सरकत्या जबड्याकडील बाजू निवडल्यास प्रत्येक जॉबच्या रुंदीतील फरक मापांत उतरतो. जॉबचा वरचा पृष्ठभाग ओबडधोबड असल्यास झेडचा आरंभ खालच्या यंत्रित पृष्ठावर घेतात.

निश्चितीची पद्धत

प्रथम डायल गेजने स्थिर जबडा एक्स अक्षाला समांतर करतात. त्यानंतर फिरता एज फाइंडर जॉबच्या कडेला हळूहळू टेकवतात. त्याचे टोक एकदम बाजूला सरकले की स्पर्श झाला असे समजतात. या वेळी स्पिंडलचा मध्य कडेपासून एज फाइंडरच्या त्रिज्येइतका दूर असतो. उदाहरणार्थ, १० मिमी व्यासाचा एज फाइंडर डाव्या कडेला टेकला असता यंत्राचा एक्स −३२५.४०० असेल, तर त्या कडेचे स्थान ५ मिमी मिळवून −३२०.४०० येते. ही ५ मिमीची दुरुस्ती राहिल्यास किंवा तिचे चिन्ह उलटे झाल्यास जॉब वाया जातो.

झेड अक्षासाठी प्रत्येक टूलची लांबी वेगळी नोंदवावी लागते. ती जी४३ या संकेताने लागू होते. दुसऱ्याच टूलची नोंद वापरली गेल्यास टूल वेगाने जॉबवर आदळून टूल, स्पिंडल व जॉब यांची हानी होऊ शकते. म्हणून पहिला जॉब चालवण्यापूर्वी टूल आरंभबिंदूच्या वर ठरावीक उंचीवर आणून ते अंतर पडताळतात आणि प्रोग्रॅम एकेक ओळ करून, कमी वेगाने चालवतात.

हस्तचलित यंत्रावर हातचाकाची अंकित कडी शून्यावर आणून हेच साधतात. मात्र स्क्रू व नट यांतील ढिलाईमुळे आकडा चुकू नये, यासाठी प्रत्येक मापाला एकाच दिशेने पोहोचावे लागते.

महाराष्ट्रातील संदर्भ

ठाणे जिल्ह्यात अंबरनाथ व बदलापूर येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची औद्योगिक क्षेत्रे आहेत. अंबरनाथची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी १ ऑक्टोबर २०२१ पासून आर्मर्ड व्हेइकल्स निगम लिमिटेडच्या अखत्यारीत आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मिलिंगचे शिक्षण प्रामुख्याने यंत्र कारागीर या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात दिले जाते.